बसगाड्यांना जीभ लावणारा माणूस

जानेवारी १९९८ मध्ये चौदा नंबरच्या बसची पायरी एका वेल्डरच्या बुटाखाली तुटली. माणूस बचावला. ड्रायव्हर पायरी हातात घेऊनच शारजातल्या यार्डात आला. त्याच आठवड्यात पासिंगला, म्हणजे वार्षिक सरकारी तपासणीला, गेलेल्या पाच बसगाड्यांपैकी तीन नापास होऊन परतल्या. वरून आरसा, खालून चाळण.

या गाड्या हमरिया फ्री झोनमधल्या कारखान्यांत कामगार नेत-आणत. वाट खाऱ्या सपाटीतून जायची. उन्हाळ्यात तिथलं मीठ निपचित पडलेलं असे. हिवाळ्यात दंव पडलं, धुकं उतरलं, चार सरी आल्या की त्याचा चिखल होई आणि गाडीच्या पोटाला चिकटे. म्हणून रोज धुलाई. ती रामेश्वर कुबल करायचा. देवगडच्या खाडीकाठचा गाबित मच्छीमार, घरची होडी धाकट्या भावावर सोपवून आलेला. सहा वर्षं हातात पाइप. त्याने धुतलेल्या काचेत ड्रायव्हर भांग पाडत.

हेड मेकॅनिक उपेंद्र घाटगे कोल्हापूरचे. त्यांनी तुटकी पायरी त्याच्यासमोर टाकली.

"कुबल, वरवर धुतोस लेका. उद्यापासून दोन वेळा. पुढच्या पासिंगला गंजापायी गाडी पडली तर खलास. देवगडचं तिकीट काढतो तुझं."

रामेश्वरने दोन वेळा धुवायला सुरुवात केली. सकाळी आणि दुपारी, चॅसिसच्या सांदीकोपऱ्यात पाइप घालून. मार्च आला तेव्हा गंज दुप्पट झाला होता.

त्याला कोडं घातलं ते नऊ नंबरने. तिचा ड्रायव्हर हमरियातच कॅम्पवर राहायचा, त्यामुळे ती फक्त शुक्रवारी धुलाईला येई. वाट तीच, चिखल तोच. हिशेबाने सगळ्यात सडकी तीच असायला हवी. रामेश्वरने खाली सरपटत जाऊन तिच्या पोटावरचा चिखल स्क्रूड्रायव्हरने खरवडला. आत लोखंड कोरडं, शाबूत होतं.

त्याने बोट फिरवून जिभेला लावलं. घरी होडीच्या फळीत मीठ उरलंय का, ते वडील असंच पाहायचे. खारट. मग तो चौदा नंबरखाली गेला. ती तासाभरापूर्वीच धुतली होती, अजून निथळत होती. तीही खारट. धुतलेलं लोखंड खारट का लागावं? तो बाहेर आला आणि त्याने पाइपच्या धारेखाली जीभ धरली.

यार्डाच्या बोअरचं पाणी सहा वर्षांत कुणी चाखलं नव्हतं. प्यायला बाटल्या यायच्या.

रामेश्वर धुलाईच्या ओट्यावर बसला. गावी होडीचं इंजिन विहिरीच्या पाण्याने धुतल्याशिवाय आई, नर्मदा, कुणाला जेवायला वाढत नसे. आणि तिच्या मुलाने सहा वर्षं गाड्या धुतल्या नव्हत्या, खारवल्या होत्या. गप्प राहिलं तर पुढच्या वर्षी नोकरी जाणार. बोललं तर आजच जाईल. तो उठून उपेंद्रसाहेबांकडे गेला.

"साहेब, गाड्या मीच कुजवल्या."

"काय?"

"बोअर खारट आहे. दिवसातून दोनदा मिठाची आंघोळ घालतोय आपण."

"तुला कसं कळलं?"

"चाखून."

"गाडी चाटलीस?"

अख्खं वर्कशॉप हसलं. एका पेशावरी ड्रायव्हरने विचारलं, "रामेश्वर भाई, साथ में निंबू दूँ?"

रामेश्वर तिथून थेट ऑफिसात गेला. गाड्यांचं सगळं कामकाज शहनाझ परकार बघत. बाई मूळच्या दाभोळच्या.

"मॅडम, टँकरचं गोडं पाणी द्या. चार गाड्या माझ्या ताब्यात द्या, चौदासुद्धा. एक जरी गंजली तर तिकीट मीच मागेन."

शहनाझबाईंनी पेन खाली ठेवलं. "आमच्या दाभोळातलं शेंबडं पोर पण इंजिन खाऱ्या पाण्याने धुणार नाही. आणि आपण इथे... चारच गाड्या. यल्ला, लाग कामाला."

चौदा नंबरचा सडका भाग कापून नवा जोडला. रामेश्वरने चारही गाड्यांचं पोट खरवडलं, गोड्या पाण्याने धुतलं. उपेंद्रसाहेब डांबरी रंगाचा डबा घेऊन आले, तर हा आडवा झाला. "ओल्यावर डांबर मारलं की मीठ आत कोंडतं, साहेब. आधी ऊन खाऊ द्या." दोन दिवस ऊन खाल्ल्यावर गाड्यांना तेल मिळालं, तेही अजमानच्या खाडीवरच्या लाकडी जहाजांना चोपडतात ते, मोरी माशाचं. वास असा की पहिल्या आठवड्यात कामगारांनी खिडक्या बंद केल्या नाहीत आणि यार्डातली झाडून सगळी मांजरं चौदा नंबरखाली राहायला आली. उपेंद्रसाहेब तिला मासळीबाजार म्हणू लागले. रामेश्वरचा नेम ठरलेला. आठवड्याला धुणं, वाळवणं, महिन्याला तेल. पावसाळी आठवड्यात धुणं दोनदा.

जानेवारी १९९९. पासिंगला गाड्या उपेंद्रसाहेबांनी स्वतः नेल्या, रामेश्वरला सोबत घेऊन. तपासनीस हातोडी घेऊन खड्ड्यात उतरला. सडकं लोखंड हातोडीखाली भसकतं, निरोगी वाजतं. बोअरच्या पाण्यावर राहिलेल्यांपैकी दोन गाड्या भसकल्या. रामेश्वरच्या तीन वाजल्या. चौदा नंबर शेवटी. तपासनीस तिच्या पोटाखाली बराच वेळ राहिला.

ठण्. ठण्. ठण्.

तपासनीस नाक धरून वर आला आणि त्याने शिक्का मारला.

यार्डात आल्यावर उपेंद्रसाहेब बोअरच्या पंपापाशी गेले, पाना लावून धुलाईच्या ओट्याकडे जाणारी नळी सोडवली आणि कोपऱ्यात फेकली. त्याच दिवशी शहनाझबाईंनी सगळ्या गाड्यांसाठी टँकर लावला.

नव्या टँकरवाल्याचा पहिला टँकर सोमवारी आला. रामेश्वरने नळ उघडला, बोट ओलं केलं, जिभेला लावलं.

"खारट. नको."

टँकरवाला खवळला. "हबीबी, मीठा पानी है! तू कौन मुझे बतानेवाला?"

गलका ऐकून उपेंद्रसाहेब आले. त्यांनी रामेश्वरकडे पाहिलं, टँकरकडे पाहिलं. मग बाहीला हात पुसून नळाखाली बोट धरलं आणि साऱ्या वर्कशॉपदेखत चाटलं.

"परत ने," ते टँकरवाल्याला म्हणाले. "आमचा माणूस म्हणतो खारट, तर खारट."