यादवरावांची पहिली बोली

यादवराव खैरनार एकलहऱ्याच्या वीज केंद्रात कंट्रोल रूममध्ये ऑपरेटर होते. मूळचे सटाण्याकडचे. नोकरीच्या पहिल्याच महिन्यात ते फोनवर "लोड कमी आहे" ऐवजी "लोड कमी शे" म्हणाले आणि सगळी शिफ्ट हसली. तेव्हापासून त्यांनी अहिराणी सोडली, घरातही. बायको सुवर्णा नाशिकची. तिच्यासमोर ते सख्ख्या बहिणीशीसुद्धा मराठीच बोलत.

निवृत्तीच्या दुसऱ्या वर्षी एका सकाळी सुवर्णाने विचारलं, "अहो, चहात साखर घालू?"

"टेबल," ते म्हणाले. मग पुन्हा, "टेबल." उजव्या हातातून वर्तमानपत्र घसरलं.

दवाखान्यात कळलं, मेंदूच्या डाव्या बाजूला रक्ताची गाठ अडकली होती. हात महिनाभरात सुधारला. बोलणं नाही. सांगितलेलं बहुतेक समजायचं, पण हवा तो शब्द यायचा नाही. वाचा-उपचार करणाऱ्या मंजुषाताई चित्रं दाखवायच्या. किल्लीला ते कप म्हणायचे आणि चुकलंय हे त्यांनाच कळायचं. सोमवार ते रविवार मात्र एका दमात म्हणायचे. नुसता मंगळवारनंतरचा वार विचारला की अडायचे.

"शब्द पुसले गेले नाहीत," मंजुषाताई म्हणाल्या, "तिथवर पोचायची वाट बंद झालीय."

सुवर्णाने मान हलवली. गोळ्यांच्या वेळा, व्यायाम, स्वयंपाक, सगळं ती करत होती. रडू येत नव्हतं.

तिसऱ्या महिन्यात थोरली बहीण नवसाबाई गावाहून आली. भावाची अवस्था बघून ती मराठी विसरलीच.

"यादव, कसा शे रे तू?"

"बरा शे," यादवराव म्हणाले. "तू कव्हय उनी?"

नवसाबाई ओक्साबोक्शी रडू लागली. सुवर्णा हातात पोळपाट घेऊन दारात उभी राहिली. तीन महिन्यांत नवऱ्याचं हे पहिलं धड वाक्य होतं. 'तू कधी आलीस' हा त्याचा अर्थ तिला नवसाबाईला विचारावा लागला.

मंजुषाताई म्हणाल्या, "सगळ्यांचं असं होत नाही. काहींची लहानपणची भाषा आधी परत येते. तुम्ही त्यांच्याशी अहिराणीत बोला."

"मला येत नाही," सुवर्णा म्हणाली.

नवसाबाई आठवडाभर राहून गेली. त्यानंतर सुवर्णा रोज दुपारी तिला फोन करून एकेक वाक्य वहीत उतरवून घेऊ लागली. पहिलं वाक्य तिने जेवणाआधी वाचून म्हटलं, "भूक लागनी का?"

यादवरावांनी आधी वहीकडे पाहिलं, मग तिच्याकडे. "हा," म्हणाले.

आता वर्ष झालं. मराठीतले साठ-सत्तर शब्द परत आलेत. सुवर्णाचं नाव त्यात नाही. महिन्यातले पंधरा दिवस दोघं नवसाबाईकडे राहतात. यादवराव ओट्यावर बसून येणाऱ्याजाणाऱ्याशी अडखळत का होईना बोलतात, कधी हसतातही. सुवर्णा शेजारी शेंगा सोलत बसते. निम्मं समजतं, निम्मं नाही. वाईट वाटत नाही, बरंही वाटत नाही. शेंगा संपल्या की ती आत जाऊन कुकर लावते.