ॲडजस्ट

एसटीत एक गृहस्थ माझ्या लेकीला म्हणाला, "ताई, जरा ॲडजस्ट करा की." सुमा खिडकीला चिकटली आणि तो पाय फाकवून ऐसपैस बसला. मागच्या बाकावर माझं डोकं तापलं.

शब्दकोशात मी या शब्दाचं मूळ पाहिलं आहे. लॅटिनमध्ये त्याचा अर्थ होता जवळ आणणं. पुढे लोकांना त्यात 'जस्ट', म्हणजे न्याय्य, ऐकू येऊ लागलं. आपण मराठीत घेताना त्यातली जवळीकही काढली आणि न्यायही. उरलं ते अंग चोरणं, तेही बाईनंच. जावयाला कधी कोणी सांगतं का, जरा ॲडजस्ट करा म्हणून?

मीही सांगितलं नाही. त्यानं सुमावर हात उचलला, ती माहेरी आली आणि आज मीच तिला परत पोचवायला निघालो होतो. निघताना तिच्या डोक्यावरून हात फिरवत म्हणालो होतो, "थोडं ॲडजस्ट कर, बाळा." त्या गृहस्थानं निदान 'करा' म्हटलं.

बस थांबली. मी उठलो. "सुमा, चल, उतरू."

"बाबा, त्यांचं गाव अजून लांब आहे."

"म्हणूनच."