जरीपटक्यातील गोंगाटाचा अर्ज

कचेरीसमोर गेली बावीस वर्षे मी लोकांना अर्ज लिहून देत आहे आणि माझ्या शब्दांचे वजन अधिकारीही मानतात. एके दुपारी पन्नाशीचे एक अनोळखी गृहस्थ आले. प्रत्येक वाक्यानंतर ते थांबत, जणू स्वतःचा आवाज पूर्ण विरेपर्यंत ऐकत असत. जरीपटका वस्तीत भाड्याच्या खोलीत ते गाणी ध्वनिमुद्रित करीत आणि आपल्या छोट्याशा कंपनीच्या नावाने प्रसिद्ध करीत. शेजाऱ्यांच्या तक्रारीवरून घरमालकाने ती खोली सोडण्यास सांगितले होते. त्यांनी तक्रार-अर्जाची प्रत पुढे ठेवली. 'अहोरात्र कर्णकर्कश गोंगाट' ही शब्दरचना माझीच होती.

"तुमीच लिहिला नं जी? लय जोरदार लिहिता. म्हणून जवाबही तुमच्याचकडून पाहिजे."

थोडा गोंगाट कबूल करून मुदत मागावी, असा सल्ला मी दिला. त्यांनी हसून माझ्या कानांवर हेडफोन चढवले. बुटीबोरीच्या कारखान्यात काम करणारी एक बाई अगदी हळू अंगाई गात होती.

"भिंतीले गाद्या लावल्या, पंखाही बंद ठेवतो. बाहेर काहीच जात नाही. गोंगाट तर तुमच्या अर्जातच हाय, भाऊ."

मी हादरलो. गाणाऱ्यांची ये-जा खुपते, एवढेच शेजाऱ्यांनी मला सांगितले होते. बाकीचे शब्द मी शोभेसाठी घातले होते आणि त्या शोभेपायी एका माणसाची खोली चालली होती.

मी उत्तर लिहिले. शेवटी 'सदर गोंगाट अर्जलेखकाने कधीही ऐकलेला नाही' हे वाक्य घातले आणि त्यांच्या सहीशेजारी माझी सही केली.