पार्किंगमधलं भेकर

आई गेल्यावर मी बाबांना चंद्रपूरहून पुण्याला घेऊन आले. कात्रजच्या पुढे, डोंगराला लागूनच आमची सोसायटी आहे. झाडी बघून त्यांना बरं वाटेल असं मला वाटलं होतं. पण ते एका जागी बसतच नसत. वर्तमानपत्र उघडायचं, मिटायचं, गॅलरीत जायचं, परत यायचं. मी घरूनच ऑफिसचं काम करत असे. मीटिंग चालू असताना पाठीमागे त्यांच्या येरझाऱ्या ऐकू आल्या की माझंही लक्ष उडायचं.

एका सकाळी ते फिरायला गेले आणि लगेच परत आले. दम लागला होता.

"खाली चल. पार्किंगमध्ये हरीण शिरलंय. कुत्रे लागले होते मागे."

तळघरातल्या पार्किंगमध्ये, पाण्याच्या पंपामागच्या कोपऱ्यात ते उभं होतं. शेळीएवढं, तांबूस, कपाळावर दोन काळ्या रेघा. मागच्या पायातून रक्त येत होतं. पोट भात्यासारखं हलत होतं. आणि समोर निम्मी सोसायटी मोबाइल धरून उभी होती. कुणीतरी फ्लॅश मारला तसं त्यानं भिंतीवरच उडी घेतली, आदळलं, पुन्हा उठलं.

मी वन्यप्राण्यांच्या बचाव पथकाला फोन लावला. तिकडच्या मुलीनं वर्णन ऐकून सांगितलं, "भेकर आहे ते. आम्ही निघतोच, पण तोवर माणसं हटवा, गाड्या काढू देऊ नका, दिवे बंद करा, पाणीबिणी पाजायला जाऊ नका. जखमेपेक्षा भीतीनंच दगावतात हे प्राणी."

मी तसं सेक्रेटरींना सांगितलं. ते म्हणाले, "आपण म्हणता म्हणून दिवे बंद करतो. पण गाड्या काढायच्या नाहीत म्हणजे काय? लोकांनी ऑफिसला उडत जायचं?"

मी काही बोलायच्या आत बाबा जाऊन उताराच्या मधोमध उभे राहिले.

"काऊन गर्दी करून राहिले सगळे? चला, वर व्हा."

लोक कुरकुरत वर सरकले. एकानं गाडी सुरू केलीच. काच खाली करून म्हणाला, "आजोबा, त्याला ऑफिस नाही. मला आहे."

"मग तुम्ही रिक्षानं जा," बाबा म्हणाले. "त्याला रिक्षा नाही मिळणार."

कुणीतरी हसलं. त्या माणसानं चिडून गाडी बंद केली आणि मोबाइलवर रिक्षा शोधत निघून गेला.

मग नुसती वाट बघणं. आम्ही दोघं उताराच्या तोंडाशी उभे होतो. आतल्या अंधारातून खुरांचा आवाज यायचा, धडकल्याचा आवाज यायचा, आणि मग काहीच यायचं नाही. ती शांतता मला सहन होत नव्हती. मी पुन्हा पुन्हा फोन करत होते. पथक ट्रॅफिकमध्ये अडकलं होतं.

"गेलं का हो बाबा?"

"नाही. श्वास ऐकू येतो आहे." जरा वेळानं ते म्हणाले, "तुझ्या आईच्या खोलीतही असेच सारखे लोक शिरत होते. कुणीतरी त्यांना बाहेर काढायला पाहिजे होतं."

दवाखान्यातल्या त्या दिवसांबद्दल ते पहिल्यांदाच बोलत होते. मी त्यांचा हात धरला. घामानं ओला होता.

पथक आलं. त्यांनी आवाज न करता जाळी टाकली, डोळ्यांवर काळं फडकं बांधलं आणि भेकराला पेटीत घालून नेलं. दिवसभर बाबांनी जेवणाला हात लावला नाही. "फोन आला का?" एवढंच विचारत राहिले. संध्याकाळी कळलं की टाके घातलेत, जगेल. त्यानंतरही ते रोज मला फोन करायला लावत.

शेवटी एकदा त्या मुलीचा फोन आला. घाटापलीकडच्या जंगलात सोडलं होतं त्याला. बाबांनी माझ्या हातून मोबाइल घेतला.

"एकटंच सोडलं?"

"हो काका. भेकरं बहुतेक एकेकटीच राहतात."

त्यांनी मोबाइल माझ्या हातात परत दिला. दुसऱ्या दिवशी चहा पिताना म्हणाले, "माझं चंद्रपूरचं तिकीट काढ. घर बंद राहून राहून खराब होऊन राहिलं असेल."

मी भांडले. तिथं एकटे कसे राहाल, आजारी पडलात तर कोण बघेल, सगळं बोलून झालं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि बॅग भरली.

आता ते तिथेच असतात. मी दिवसातून दोनदा फोन करते. परवा नळ दुरुस्त केला म्हणाले, शेजारच्यांनी वांगी आणून दिली म्हणाले. "जेवलात का?" मी विचारलं.

"जेवतो. तू ठेव आता, दारात कुणीतरी आलं आहे," ते म्हणाले, आणि फोन बंद झाला.