स्मरणिकेतलं ते पत्र

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. तिला माझं सगळं माहीत असतं — चोरून साखर किती खातो इथपर्यंत. पण हे नाही. तुम्हाला का सांगतो? तुम्ही मला ओळखत नाही म्हणून असेल. हल्ली एका जागी बसवत नाही. बसलो की उठतो, उठलो की गच्चीवर जातो, गच्चीवर काम काहीच नसतं.

मी नांदेडच्या एका कॉलेजात मराठी शिकवलं. रिटायर व्हायला थोडे दिवस उरले होते, तेव्हा प्राचार्यांनी एक काम गळ्यात मारलं. आपल्याकडं शिकून फौजेत अधिकारी झालेले अन् लढाईत गेलेले चार जण — त्यांची स्मरणिका काढायची. प्रत्येकाला दोन पानं. कॉलेजचं रेकॉर्ड बघा, त्यांच्या शाळांत जा, मिळेल ते आणा. मला काम आवडलं, खोटं कशाला बोलू? प्रवेश-अर्ज, हजेरीपट, जुनी वार्षिकं — शिंकून शिंकून बेजार झालो, पण उपसलं सगळं.

तिघांचं भरपूर मिळालं. एकाच्या कविता, एकाचं वादविवादातलं भाषण, एकाच्या भावानं तर पेटीभर पत्रं आणून दिली. चौथा कॅप्टन होता — नाव नाही सांगत. चाकूरजवळच्या खेड्यातला, बाप लहानपणीच वारलेला, आई मजुरीला जायची. त्याचं काहीच नव्हतं. शाळेच्या रजिस्टरात नाव, जन्मतारीख अन् शेरा — 'वर्तणूक चांगली'. ते तर सगळ्याच पोरांपुढं लिहिलेलं असतं हो!

काहीच नव्हतं, हेही खरं नाही. एक कागद होता, एनसीसीच्या जुन्या फायलीत. इथंच अडतो मी. इथं आलं की जीभ रेटत नाही.

रजेचा अर्ज होता तो. वहीचं फाडलेलं पान, निळी शाई, गोल गोल अक्षर. कॅम्पातून तीन दिवस घरी जायची परवानगी मागितली होती. दुसरी पोरं काय कारण देतात? ताप आला, आजोबा वारले — काहींचे आजोबा तर वर्षात तीनदा वारतात. ह्या पठ्ठ्यानं सरळ लिहिलं होतं, 'आईची खूप आठवण येत आहे.' खाली 'आपला आज्ञाधारक विद्यार्थी'. अन् त्यावर एनसीसीच्या सरांनी लाल पेनानं लिहिलेलं — नामंजूर.

मी हसलो. हो, हसलो. मनात म्हणालो, हे कसं छापायचं? शहीद अधिकारी, अन् आईची आठवण येते म्हणून कॅम्प सोडून निघालेला? तिकडं प्रेसवाला रोज विचारून राहिला होता — सर, एक पान कोरं जाऊन राहिलंय. मग एका दुपारी स्टाफरूममध्ये बसलो अन् एक पत्र मीच लिहिलं. लढाईवर निघताना त्यानं म्हणे एनसीसीच्या सरांना पाठवलेलं. ते सर तोवर वारले होते, मग विचारणार कोण? सांगितलेला चहा यायच्या आत पत्र तयार होतं.

चांगलं झालं होतं, हीच तर गोची. 'माझ्या आईला सांगा — मी परत आलो नाही तर तिनं रडायचं नाही. ती रडली तर माझी मान खाली जाईल.' टाळ्यांचं वाक्य! सुचलं तेव्हा मीच माझ्यावर खूश झालो. प्रकाशनाच्या दिवशी माईकवरून पत्र वाचलं, लोकांनी रुमाल काढले. ती दोन वाक्यं पुढं हॉलमध्ये त्याच्या फोटोखाली संगमरवरात कोरली. मला शाल-नारळ मिळाला. त्याची आई पहिल्या रांगेत होती. सगळे रडले, ती नाही रडली. मला वाटलं, काय धीराची बाई आहे!

पाच-सहा वर्षं गेली. मग तिच्या मुलीचा फोन आला, लातूरला नर्स आहे ती. म्हणाली, आईची तब्येत खालावली, दादाच्या हातचं ते पत्र एकदा बघायचं म्हणते. आईला वाचता येत नव्हतं. नुसतं अक्षर बघायचं होतं, त्यावर बोट फिरवायचं होतं. घरात त्याच्या हातचं काहीच उरलं नव्हतं. वह्या कधीच्या रद्दीत गेल्या, अन् फौजेतून तो फोनच करायचा.

मी ठरवलं, आता सांगून टाकायचं. कॉलेजात जाऊन फायलीतून तो अर्ज मागून घेतला, पिशवीत घातला अन् एस्टीनं लातूर गाठलं. वाटेभर वाक्यं जुळवून राहिलो होतो.

ती खाटेवर भिंतीला टेकून बसली होती. भिंतीवर बाबासाहेब, शेजारी वर्दीतला पोरगा. "जय भीम, आई," म्हणालो. तिनं हात जोडले — मला! अन् विचारलं, "आणलं का ओ सर?"

पिशवी मांडीवर होती. हात आत घातला, बोटांना कागद लागला. अन् मी म्हणालो, पत्र कॉलेजच्या कपाटात आहे, कुलपात, बाहेर काढू देत नाहीत. अडखळलोसुद्धा नाही.

मुलगी चहा ठेवायला आत गेली. म्हातारी जवळ सरकली, आवाज खाली आणला. "सर, तुमी शिकलेली मानसं. एक विचारू का? आदी रोज रडायची मी. तेवढं पत्र ऐकलं अन् बंद केलं. पोराची मान खाली जाईल म्हून. पर आता लई दाटून येतं ओ. एकडाव रडले तर चालंल का?"

ऐकताय ना? माझ्या मांडीवर तिच्या पोराचा कागद होता. आईची आठवण येते, असं त्यानं स्वतःच्या हातानं लिहिलेला. नुसता वाचून दाखवायचा होता. पण मुलगी शिकलेली, ती विचारणार — मग ते पत्र कुठून आलं? मग पेपरात येणार. संगमरवर उखडावा लागणार. अन् माझी इज्जत? हे सगळं मी त्या दोन मिनिटांत नीट विचार करून बघितलं. घाबरून तोंडातून गेलं, असं नाही.

मी म्हणालो, "नका रडू, आई. त्यानं सांगितलंय ना."

तिनं मान हलवली. पदर तोंडाला लावला. चहा आल्यावर बिस्किटांची बशी माझ्यापुढं सरकवली. मी दोन खाल्ली. अर्ज तसाच परत आणला, माझ्या कपाटात आहे.

ती गेली. मुलीनंच फोन करून कळवलं. म्हणाली, "शेवटपर्यंत डोळ्यातून टिपूस काढलं न्हाई, सर. दादाचा शब्द पाळला आईनं." केवढा अभिमान होता तिच्या आवाजात! मी म्हणालो, धन्य ती माउली.