दंडाची शेळी

नोखाया कधी फिरलीच नाही, असं कुणी म्हणू शकलं नसतं. दक्षिण आफ्रिकेतल्या एंगकोबोजवळच्या त्या गावात तिच्याइतका प्रवास दुसऱ्या कुठल्या बाईचा झाला नसेल. सासरचा गोतावळा डोंगराच्या दोन्ही अंगांना पसरलेला. खोवाला चुलत सासरे, बार्कली ईस्टला दीर, मक्लिअरला मावससासू. कुठे मयत, कुठे लग्न, कुठे पूर्वजांसाठी बैल कापायचा. दर वेळी तीन पायांची मोठी काळी भांडी पिकअपच्या हौद्यात चढायची आणि ती घरंगळू नयेत म्हणून त्यांना धरून नोखाया मागे बसायची. पोचल्यावर पुरुष गोठ्याकडे, म्हाताऱ्या चटईवर आणि ती चुलीकडे. त्या सगळ्या घरांतला नळ कुठे, कुठली चूल धुरकट, कुठला झाडू मोडका, हे तिला तोंडपाठ होतं. घरामागे डोंगर कुठला, हे मात्र सांगता आलं नसतं.

तिकडे सुनेला मकोटी म्हणतात. खरं तर शब्द नव्या नवरीचा. पण नोखायाच्या गुडघ्यांत वात शिरला तरी तो तिला चिकटून होता, कारण तिच्यानंतर त्या घरात राबणारी सून आलीच नाही. दोन्ही मुलगे केपटाऊनला. त्यांच्या बायका नाताळात यायच्या, नखं रंगवलेली असायची आणि भांडी बघूनच त्यांची कंबर धरायची.

नोखाया हे नावही सासरनं लग्नाच्या दिवशी दिलेलं. अर्थ साधा : घराची. माहेरचं नाव वुयेलवा. त्या नावानं हाक मारणारी आता दोनच माणसं उरली होती. एक माहेरचा भाऊ, आणि दुसरी नोमोंडे. नोमोंडे माहेरच्याच गावची, बालपणची मैत्रीण, आणि नशिबानं याच गावात दिलेली. नर्सची नोकरी करून आता घरी बसली होती.

सासरचा आणखी एक नेम होता. सुनेनं सासऱ्याचं नाव घ्यायचं नाही, आणि त्या नावात जे शब्द असतील तेही जन्मभर तोंडातून काढायचे नाहीत. आता नोखायाच्या सासऱ्याची आई प्रवासात असताना एका वळणावर बाळंत झाली होती, म्हणून त्याचं नाव ठेवलं एंडलेलांतले. म्हणजे 'सुंदर वाट'. झालं! नोखायाला वाटही बंद आणि सुंदरही बंद. चाळीस वर्षं ती वाटेला 'पायाखालची' म्हणत आली, आणि काही सुंदर दिसलं तर 'डोळ्यांना गोड'. सासरा जाऊन जमाना झाला, नेम काही गेला नाही.

सहलीचा विचार निघाला तो नोखायाच्या स्वयंपाकघरात. नवरा सिंदिले खाणीतून परतला तेव्हा नजर अधू घेऊनच आला, म्हणून बाजारहाटापुरती पिकअप चालवायला नोखायाच शिकली होती; कार्याला जाताना मात्र चाक पुरुषांच्याच हाती असायचं. मेजावर पेट्रोल पंपावरून आणलेला नकाशा पसरला होता आणि त्याची टोकं साखरेच्या डब्यानं दाबली होती.

"हे बघ वुये," नोमोंडे बोट फिरवत म्हणाली, "खोवावरून बार्कलीचा घाट चढायचा. पहिला मुक्काम बार्कली ईस्टच्या अलीकडे, शेतावरच्या घरात. दुसरा ऱ्होड्सला, नदीकाठी. मग नॉडचा घाट. ती वाट म्हणे आभाळाला टेकते. उतरलं की मक्लिअर."

"पायाखालची पक्की आहे का?"

"वाट म्हण गं! इथे तुझा सासरा बसलाय का?"

नोखाया हसली, पण शब्द काही बाहेर आला नाही. ओठांशी आला आणि जिभेनंच परत आत ओढला.

"खडीची आहे. हळू जाऊ," नोमोंडे म्हणाली.

"आणि मुक्काम लॉजवर. नातेवाइकांकडे नाही," नोखाया म्हणाली. "नोमोंडे, एकदा. एकदाच मला अशा घरात उठायचंय, जिथला झाडू कुठे आहे हे मला ठाऊक नाही. माझ्यासाठी चहा दुसऱ्या कुणी करायचा. गुडघे चालताहेत तोवर."

एवढंच तिचं मागणं होतं. पण ते बाहेर फुटलं. नोमोंडेनं घाटाची चौकशी चर्चमधल्या एकीकडे केली, तिनं दुसरीकडे, आणि रविवार उलटायच्या आत दाबावो दारात उभ्या. दाबावो म्हणजे आत्या. सिंदिलेची थोरली बहीण नोन्त्साफो, वैधव्यानंतर माहेरी परतलेली. पोरांबरोबर सुनेनंही तिला दाबावोच म्हणायचं. पाऊस असो नसो, हातात छत्री. छत्री टेकवायला नसून दाखवायला होती.

"मी ऐकते ते खरं का गं, मकोटी? पैसे मोजून परक्याच्या गादीवर झोपणार तू?"

"हो, दाबावो."

"बार्कली ईस्टला मंगालिसो काय मेलाय? आपलं रक्त त्या गावात, आणि आपली सून लॉजवर! लोक म्हणतील, दिरानं दार लावून घेतलं."

"दार उघडंच असतं त्यांचं, दाबावो. दारामागे भांडी पण असतात."

दाबावोंनी छत्री आपटली. "तोंड फुटलंय तुला. बरं, जा. जायला कोण अडवतंय? मी सगळ्यांना कळवते."

आणि कळवलंच. चार दिवसांत नोखायाचा फोन थांबेना. खोवाचे चुलत सासरे म्हणाले, येतेस तर अंथरुणाच्या खोळी धुऊन जा. मंगालिसो म्हणाला, वहिनी, तुमच्या हातची मक्याची बिअर पिऊन वर्ष झालं, दोन दिवस आधीच या म्हणजे आंबेल. मावससासूनं तर कमाल केली. पूर्वजांसाठी बैल कापायचा राहिलाच होता, आता थोरली मकोटी येतेच आहे तर त्याच वेळी उरकून टाकू, येताना मोठं भांडं तेवढं आण.

"मोठं भांडं!" नोमोंडेनं कपाळाला हात लावला. "म्हणजे आपली सहल कसली, आचाऱ्याची फेरी झाली ही."

नोखायानं नकाशाची घडी घातली. फेकून दिली नाही. शेगडीमागच्या फळीवर, हाताशी येईल अशी ठेवली. मग सिंदिलेला म्हणाली, "तुमच्या बहिणीला सांगा, मी कुणाकडे उतरणार नाही."

"मी?" सिंदिले दचकला. खाणीत दोनदा छत कोसळलं तेव्हा हा माणूस हलला नव्हता. "नोखाया, अगं ती थोरली आहे."

"मग बैठक बोलवा. मीच सांगते."

सून आपण होऊन बैठक मागते, हे गावात नवलच होतं. शनिवारी गोठ्याच्या कुंपणाशी पुरुष बसले. मध्ये ताता, म्हणजे सिंदिलेचे धाकटे चुलते. कान गेलेले, पण शब्द त्यांचा. दाबावो खुर्चीवर. नोखाया चटईवर पाय दुमडून, खांद्यावर घोंगडी, कपाळापर्यंत रुमाल. जशी चाळीस वर्षं बसत आली तशी.

दाबावोंनी गाऱ्हाणं मांडलं ते मोठं रसाळ होतं. घराण्याची अब्रू झाली, पूर्वजांचा कोप झाला, हल्लीच्या बायका झाल्या. शेवटी म्हणाल्या, "विचारा तिला, ताता. आपल्या माणसांची घरं टाळून हिला जायचंय तरी कुठनं?"

"कुठनं जायचंय, पोरी?" तातांनी कानाला हात लावला.

"पायाखाल..." नोखायानं सुरुवात केली.

"काय? मोठ्यानं बोल."

नोखायानं मान वर केली. समोर गोठा, गोठ्यामागे घर, घरामागे डोंगर. इतकी वर्षं पाठीशी असलेला डोंगर. ती मोठ्यानं, सगळ्या कुंपणाला ऐकू जाईल अशी म्हणाली,

"सुंदर वाटेनं, ताता. मला सुंदर वाटेनं जायचंय."

मागे उभ्या असलेल्या नोमोंडेनं तोंडावर पदरासारखं शालीचं टोक घेतलं. मेलेल्या सासऱ्याचं नाव सुनेनं चारचौघांत, त्याच्याच गोठ्यापुढे, दोनदा घेतलं होतं.

"ऐकलंत?" दाबावो खुर्चीतून अर्ध्या उठल्या. "ऐकलंत ना? दंड! जा माहेरी. भावाकडून शेळी घेऊन ये. शेळीवाचून या अंगणात पाय ठेवायचा नाही."

तातांनी हात हलवला. "जाऊ दे, नोन्त्साफो. तो जुना काळ. ब्रँडीची एक बाटली ठेव पोरी, पूर्वजांना दोन थेंब, बाकीचं आम्ही बघतो." पुरुषांनी माना डोलावल्या. सगळ्यांचे घसे कोरडेच होते.

"नाही, ताता," नोखाया म्हणाली. "बाटली नको. चूक मोठी आहे. दाबावो म्हणतात तेच बरोबर. शेळीच."

दाबावोंचा चेहरा उजळला. तो फार वेळ उजळ राहिला नाही.

"फक्त एक विचारते, दाबावो. तुम्ही जाणत्या. दंड फिटेपर्यंत सुनेनं सासरच्या कुठल्या चुलीला हात लावावा का?"

"मुळीच नाही! विटाळ आहे तो."

"सासरच्या कुणाच्या घरात शिरावं का?"

"उंबरा नाही ओलांडायचा! खोवाला नाही, बार्कलीला नाही, मक्लि..." दाबावोंची छत्री हवेतच थांबली.

"म्हणजे मुक्काम बाहेरच करायचा," नोखाया शांतपणे म्हणाली. "आणि माहेर माझं माउंट फ्लेचरच्या पलीकडे. कुठल्या वाटेनं जावं, हे दंडात सांगितलेलं नाही."

ताता ऐकू न आल्यासारखे गोठ्याकडे बघू लागले. मग त्यांची घोंगडी हलायला लागली. हसत होते. म्हाताऱ्याला ऐकू येत होतं सगळं. बहुधा नेहमीच येत असावं.

"वाट सुनेची," ते म्हणाले. "बैठक उठली."

रात्र नोमोंडेकडे काढून नोखाया सकाळी निघाली, तेव्हा सिंदिले पिकअपपाशी आला. बहिणीकडे पाठ होईल असा उभा राहिला आणि बायकोच्या हातात किल्ली ठेवली. "ब्रेक जरा उजवीकडे ओढतो. उतारावर दुसऱ्या गिअरमध्येच राहा." मग म्हणाला, "माझा जाड कोट घे. वर गारठा असतो म्हणतात." पंचवीस वर्षं जमिनीखाली काढलेल्या माणसाला 'वर'ची माहिती ऐकीवच होती.

बार्कलीच्या घाटात नोखायानं गाडी बाजूला लावली. खाली पिवळे पडलेले चिनार, वर उघडे कडे, आणि कड्यांच्या कपारींतून गिधाडं तरंगत होती. या घाटातून ती कितीदा गेली असेल, पण तोंड भांड्यांकडे करून. "हे इथंच होतं?" तिनं विचारलं.

"नाही," नोमोंडे म्हणाली, "काल रात्री आणून ठेवलं, तू येणार म्हणून."

मंगालिसो फाटकाशी उभाच होता. त्यानं दोन्ही हात हलवले. नोखायानं काच खाली केली. "विटाळ, मंगालिसो! विटाळ!" असं ओरडून भोंगा वाजवला आणि गाडी पुढे काढली.

ऱ्होड्सला टेबलामागच्या मुलीनं नाव विचारलं. नोखाया क्षणभर घुटमळली. "वुयेलवा," ती म्हणाली. मुलीनं तेच लिहून घेतलं. कुणाची, कुठली, कुणाची सून, काही विचारलं नाही.

पण खोड जाते कुठे? दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आत तिचे डोळे उघडले, पाय आपोआप जमिनीवर आले आणि मागचं दार हुडकत ती अंगणात पोचलीसुद्धा. भिंतीला झाडू टेकलेला होता. तिनं तो उचलला. दोन फटकारे मारलेही असतील.

"आई? काही हवंय का?" स्वयंपाकघराच्या दारात एक तरुण बाई पिठाच्या हातांनी उभी होती, घाबरलेली. पाहुणीच्या हातात झाडू बघून आपलीच काही चूक झाली असं तिला वाटलं असावं.

नोखायानं झाडूकडे पाहिलं. चांगला होता. मूठ घट्ट, काड्या दाट. तिनं तो होता तिथे, होता तसा टेकवून ठेवला.

"चहा हवाय," ती म्हणाली. "दोन चमचे साखर. आणि माझ्यासाठी घाई करू नकोस, पोरी, मी बसलेली आहे."

ती ओसरीवर नवऱ्याच्या कोटात बसून राहिली. चहा आला. गार होईपर्यंत तिनं तो हातातच धरला, मग प्यायली.

नॉडचा घाट कसा चढला आणि उतरला, ते नोमोंडे अजून सांगते, आणि दर सांगण्याला एक वळण वाढतं. माहेरी भावानं दंडाचं कारण ऐकलं आणि कळपातली सगळ्यांत उर्मट शेळी काढून दिली. तांबडी, एक कान पांढरा. "ही तुझ्याच वळणाची आहे, वुये." परतीला सरळ रस्ता होता. मक्लिअरवरून खोवा, जेवायच्या वेळेला घरी. पण गाडी पुन्हा नॉडच्याच घाटाला लागली. ऱ्होड्सच्या मुलीनं हौद्यात डोकावून विचारलं, "आणि ही?"

"ही मकोटी," नोमोंडे म्हणाली. "हिला बाहेर बांधलं तरी चालतं. आम्हाला दोघींना खोली दे."

घरी पोचल्या तेव्हा अंगणात दाबावो वाटच बघत होत्या. सिंदिले कुंपणाशी, ताता उन्हात. दाबावोंनी शेळीचे दात पाहिले, खूर पाहिले, पाठ दाबून पाहिली. खोट काढायला जागा नव्हती. गळ्यातलं दावं त्यांनी स्वतः हातात घेतलं, म्हणजे दंड फिटला. नोखायानं आता उंबरा ओलांडायला हरकत नव्हती. चुलीशी भांडी होतीच, मक्लिअरचा बैलही तिच्यासाठी थांबवून ठेवला होता.

"एवढे दिवस?" दाबावो म्हणाल्या. "आलात तरी कुठनं?"

नोखायानं पिकअपचं दार अजून लावलं नव्हतं. नवऱ्याचा कोट अंगातच होता. तिनं सिंदिलेकडे पाहिलं, मग तातांकडे. तातांनी आधीच कानाला हात लावला होता.

"सुंदर वाटेनं, दाबावो," ती म्हणाली, सावकाश, एकेक अक्षर सुटं करून. "येताना पण."

शेळी ओरडली. तातांची घोंगडी हलायला लागली.

नोखायानं किल्ली मुठीत घट्ट धरली आणि विचारलं, "या खेपेला कुठल्या रंगाची आणू?"