चमक तेवढी राहू द्या

व्यंकोजी राव यांचा जगावर विश्वास नव्हता. चेन्नईच्या तांबरम उपनगरात, स्टेशनजवळ त्यांचा फोटो स्टुडिओ. तीस वर्षं पासपोर्टसाठी लोकांचे चेहरे न्याहाळून त्यांचं पक्कं मत झालं होतं, की ज्याला लपवण्यासारखं काहीच नाही असा माणूस अजून त्यांच्या स्टुलावर बसायचाय. बायको धनलक्ष्मी म्हणायची, यांना देवाने दर्शन दिलं तरी हे आधी ओळखपत्र मागतील.

अलीकडे माणसांपेक्षा कुत्र्या-मांजरांचेच फोटो जास्त. त्यात व्यंकोजींचा हातखंडा. घरी मोबाईलवर काढलेल्या फोटोत गरीब मांजरही भुतासारखं दिसतं, डोळ्यांच्या जागी दोन हिरवे दिवे. फ्लॅश समोरून थेट डोळ्यात शिरतो आणि आतून उलटा परततो, दुसरं काही नाही. व्यंकोजी खोलीतले सगळे दिवे लावून बाहुल्या बारीक होऊ देत, फ्लॅश छताकडे वळवत आणि प्राण्याची नजर लेन्सवरून जराशी बाजूला नेत. चमक गायब, गिऱ्हाईक खूश.

म्हणून त्या दुपारी रविकांत नावाचा बँकेतला माणूस झिपरी काळी कुत्री घेऊन आला, पाटीवरचं नाव वाचून मराठीत म्हणाला, "काका, फ्लॅश समोरूनच मारा, चमक तेवढी राहू द्या," तेव्हा व्यंकोजींचे कान टवकारले.

"काय म्हणून?" त्यांनी आपल्या तंजावरी मराठीत विचारलं.

"असंच."

या एका शब्दावर तर त्यांचा मुळीच विश्वास नव्हता. कुत्री चोरीची असेल का? रविकांतने तिच्या डोक्याच्या डाव्या बाजूला तळहात धरला होता आणि तो काही केल्या हलत नव्हता. चोरच! पण चोराच्या पायावर कुत्री अशी हनुवटी टेकून बसत नाही, हेही त्यांना दिसत होतं. त्यामुळे तर संशय आणखीच वाढला.

"हात काढा सार."

पहिला फोटो त्यांनी सांगितल्यासारखा काढला. दोन्ही डोळे लखलखले. दुसरा न विचारता, फ्लॅश छताकडे वळवून काढला. उजवा डोळा छान तपकिरी आला. डावा पांढराच राहिला.

"अय्यो, ही चमक नव्हे सार. मोतीबिंदू! चमकेत खपवायला आलात!"

रविकांतचा चेहरा उतरला. त्याची गुवाहाटीला बदली झाली होती आणि तिथल्या घरमालकाला कुत्रं नको होतं. "ढमीसाठी घर शोधतोय. डोळा दिसला की लोक फोनसुद्धा करत नाहीत. एकदा येऊ तर देत. हिने मांडीवर डोकं ठेवलं की कुणाच्या तोंडून 'नाही' निघणार नाही."

"आणि नेल्यावर कळलं तर? स्टेशनवर सोडून जातील. तुम्ही तेव्हा गुवाहाटीत. मज ठाऊक आहेत माणसं."

व्यंकोजींनी खरा फोटोच दिला आणि चमकेचा पुसून टाकला. रविकांत पैसे देऊन निघून गेला.

व्यंकोजी तेवढ्यावर थांबतात कसले! हा आता मोबाईलवर हवा तसा फोटो काढणार, याची त्यांना खात्री होती. प्राण्यांना घर मिळवून देणारा एक व्हॉट्सॲप ग्रुप होता. ते त्यावर पाळत ठेवून बसले. तिसऱ्या दिवशी फोटो आला. त्यांनीच काढलेला, पांढऱ्या डोळ्यासकट. खाली लिहिलं होतं: 'ढमी. नऊ वर्षं. डाव्या डोळ्याने दिसत नाही. उजव्या बाजूने हाक मारा, नाहीतर दचकते.'

त्यांनी ते तीनदा वाचलं. खोट सापडेना. व्यंकोजी मनातून फार ओशाळले. दोन दिवस कसेबसे काढून त्यांनी रविकांतला फोन लावला.

"कोणी विचारलं का?"

"एक गृहस्थ उद्या न्यायला येतायत, काका!" रविकांतचा आवाज आनंदाने भरून आला होता. "लगेच हो म्हणाले."

"लगेच? डोळ्याबद्दल काही विचारलं?"

"नाही."

"मग अशी द्यायची नाही. आधी त्यास इकडे पाठवा, ढमीबरोबर फोटो काढायचाय म्हणून सांगा. मी तोंड बघतो त्याचं."